जुलैची हवा

वन्सं,

तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले होते आणि मी चपला घालून घराबाहेर पडले. सुतकात. कॉमन गॅलरीतल्या बायका आपापल्या दारात येऊन बघत राहिल्या. तुमचा भाऊ म्हणाला, "शुभा, दहावं तरी होऊ दे. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तीन हिवाळे वन्सं खोकत होत्या तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत. आता म्हणू दे." पिशवीत तुमच्या वह्या होत्या आणि ती खाकी फाइल. करी रोडच्या पुलाखाली टॅक्सी मिळाली. ड्रायव्हरला ठाकूरद्वार म्हणून सांगितलं आणि पदर तोंडाला लावून बसले. रडत नव्हते. दात आवळून बसले होते, ते कोणाला दिसू नये म्हणून.

ती फाइल तुम्ही माझ्यापासून लपवली होती. मृत्यूच्या दाखल्यासाठी तुमचं आधार कार्ड शोधत होते. तुमच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सापडली. त्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार आहे, पण सगळं नीट क्रमाने सांगते. तुम्हाला क्रम चुकलेला आवडायचा नाही.

मी या चाळीत लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही माझ्या हातावर मारलं होतं. गॅलरीच्या कठड्यावर एक रुंद तोंडाची बाटली, तिच्यावर नरसाळं. मला वाटलं कोणी विसरलंय, म्हणून उचलायला गेले. "हात लावू नकोस, पाऊस आहे तो." मी मनात म्हटलं, नणंद वेडी मिळाली. परळच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुम्ही सहायक होतात, बाटल्या धुणं हे तुमचं पोटापाण्याचं काम, आणि घरी येऊनही बाटल्याच. पुढे कळलं की नुसता आपल्या गॅलरीतला पाऊस नव्हता. कुडाळहून मावशीची सून एसटीने पाठवायची. चेंबूरची तुमची शाळेतली मैत्रीण स्वतः आणून द्यायची. चंद्रपूरला नोकरीला असलेला मामेभाऊ लग्नकार्याला आला की आहेराच्या आधी पिशवीतून बाटली काढायचा. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तीवर गाव आणि तारीख. माझ्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी चार गावांचे पाऊस. पाहुण्यांनी एकदा कुडाळ पिऊन टाकलं तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

मग रविवारी तुमचा तो कार्यक्रम. कागदाची पट्टी बुडवायची, रंग बघायचा. वाळला की रंग फिका पडतो म्हणून लगेच वहीत शेजारी रंगीत खडूने तसाच रंग काढून ठेवायचा. आंबट पाऊस पिवळ्या-नारिंगीकडे, ना आंबट ना चुन्याचा असा हिरवा, आणि चुन्याकडे झुकलेला निळसर. मी एकदा म्हटलं, "पाऊस आंबट कसा असेल, कैरी आहे का?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "थोडासा असतोच. पण कोळसा जळतो, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर वर जातो, तो ढगात मिसळला की जास्त आंबट होतो. आणि इथला धूर इथेच पडतो असंही नाही. वारा नेईल तिथे पडतो."

आपलं खरं भांडण धुळीवरून झालं. मी ठामपणे सांगायचे की सुरुवातीच्या सरी सगळ्यात घाण, म्हणजे त्याच सगळ्यात आंबट. तुम्ही वही उघडायचात. चंद्रपूरची जूनची बाटली, तळाशी मातीचा थर, रंग हिरवा. तिथलीच ऑगस्टची बाटली, पाणी काचेसारखं स्वच्छ, रंग पिवळा. "बघ. धुळीत चुना असतो, तो आंबटपणा मारतो. धूळ धुऊन गेली की उरतो तो खरा आंबट. घाण वेगळं आणि आंबट वेगळं, शुभा." मी म्हणायचे, असेल तुमच्या वहीत. मला पटलंच नाही. खरं सांगू, मला पटवून घ्यायचंच नव्हतं. घरात तुम्ही नेहमी बरोबर असायचात, त्याचा राग यायचा.

आणि मग तो जुलै. कुडाळला मावशी घसरून पडली, तुम्ही महिनाभर तिच्याकडे गेलात. तुमच्या मागे एक माणूस आला. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. आडनाव धारप. शेजारच्या गिरणीच्या जागेवर टॉवर होणार, त्यासाठी काँक्रीट कालवायचा प्लांट तिथेच बसवणार, म्हणून आधी इथली हवा मोजायची आहे, म्हणाला. आपल्या गच्चीवर मशीन ठेवायचं होतं, त्याला लाइट हवी होती. मी वायर आपल्या खोलीतून दिली. चार दिवस. रोज सकाळी तो यायचा, मी चहा द्यायचे. शेवटच्या दिवशी कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, हवा कशी वाटते हो इथली?" बाहेर धो धो पाऊस होता, गॅलरीतून गार वारा येत होता. मी म्हटलं, "मस्त! समुद्राकडून वारा येतो. दार उघडं ठेवलं की पंखासुद्धा लागत नाही." त्याने हसून वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, चहाचे आभार लिहितोय.

तुम्ही परत आलात, बॅग दारातच ठेवून गच्चीवर आलात आणि तिथल्या चार खिळ्यांच्या खुणा तुम्हाला दिसल्या.

"काय होतं इथे?"

मी सांगितलं.

"जुलैत मोजलं? आणि परत कधी येणार?"

"परत कशाला येतील? झालं की मोजून."

तुम्ही खाली येऊन खाटेवर बसलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. शाळेतल्या मुलीला सांगावं तसं मला सांगत बसलात. जुलैत वारा समुद्राकडून येतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हा मुंबईत कुठेही मोजा, हवा चांगलीच येणार. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो. सकाळी समुद्राचा वारा पोचतच नाही, जमिनीकडून येतो तो शहरभरची धूळ घेऊन. वर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि खालचं सगळं खालीच कोंडून राहतं. "तोच माणूस, तेच मशीन, तीच गच्ची. जानेवारीत आला असता तर प्लांटला कोणी हो म्हटलं नसतं. म्हणून तो जुलैत आला." मी म्हटलं, "तुम्हाला प्रत्येकात कावा दिसतो." हे मी म्हटलं, वन्सं. याच तोंडाने.

प्लांट चालू झाला. गिरणी बंद पडल्यापासून शांत असलेल्या त्या भिंतीपलीकडे सिमेंटचे टँकर यायला लागले. पहिल्या हिवाळ्यात तुम्ही जुन्या मांजरपाटाचे हातरुमालाएवढे तुकडे कापलेत आणि महिन्यातून एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, गच्चीच्या तारेवर एक तुकडा लावायला लागलात. काढला की वहीत टाचायचा, खाली महिना. जुलैचा तुकडा पांढरा. ऑक्टोबरचा मळका. जानेवारीचा असा की त्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. त्याच हिवाळ्यात तुमचा खोकला सुरू झाला. तुमचा भाऊ म्हणायचा, "अक्का, दाराक पडदो लावया." तुम्ही म्हणायचात, "हवेक पडदो खंय लागता रे?"

आणि पुढच्या पावसाळ्यात तो प्रकार झाला, ज्यावरून मी तुम्हाला हसले. आपल्या गॅलरीतला पाऊस इतकी वर्षं पिवळट यायचा, तो हिरवा आला. त्याच्या पुढच्या वर्षी निळसर. मी पट्टी बघून टाळ्या वाजवल्या. "बघा! सुधारलं की! आंबटपणा गेला! उगाच शिव्या देत होतात प्लांटला." तुम्ही बाटली उजेडात धरलीत. म्हणालात, "आंबटपणा गेला कारण तो मारणारं काहीतरी हवेत आलंय. ते काय आहे, विचार कर." मी विचार केला नाही. मी भाजी निवडायला गेले.

या जानेवारीत परळच्या इस्पितळात तुमच्या तोंडावर तो मास्क होता, तेव्हाही तुम्ही तेच विचारलंत. मास्क बाजूला करून, दोन शब्दांत एकदा श्वास घेत. "शुभा... निळा का आला... सांग." मी म्हटलं, "बोलू नका हो, दम लागतोय." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी डबा घेऊन पोचायच्या आधी, तुम्ही गेलात.

सिमेंट, वन्सं. सिमेंटमध्ये चुना असतो. पाऊस सुधारला नव्हता, पाऊस सिमेंट धूत होता. आणि पाऊस नसेल तेव्हा ते झेलायला आपली छातीच होती. आता येतंय मला उत्तर. आता काय उपयोग.

चौथ्या दिवशी फाइल सापडली. तुम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज करून धारपचा अहवाल मिळवला होता, तोही दीड वर्षापूर्वी. मला पत्ता नाही. उघडला तर मध्ये एका पानावर पेन्सिलची रेघ. "स्थानिक महिलांचे मत: येथे समुद्राकडून वारा येतो. दार उघडे ठेवल्यास पंखादेखील लागत नाही. (श्रीमती शुभांगी, गृहिणी.)" आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात: "शुभाला सांगायचं नाही."

मी ट्रंकेशेजारी जमिनीवर बसले.

खाली तुमचं हरकतीचं पत्र होतं. प्लांटला मुदतवाढ हवी होती, त्यासाठी रहिवाशांची सुनावणी लागली होती, त्या नोटिशीची तारीख तुम्ही गोल करून ठेवली होती. पत्रात सगळं होतं. ऋतू, वारा, कापडाचे तुकडे, पट्ट्या. आणि शेवटी, "अहवालात स्थानिक महिलेचे जे विधान दिले आहे ते" असं लिहून वाक्य सोडून दिलेलं. पुढे काही नाही. अशी तीन पत्रं. तिन्ही त्याच जागी थांबलेली. ते विधान खोडायचं तर माझं नाव घ्यावं लागणार, चाळीसमोर मी तोंडघशी पडणार. म्हणून तुम्ही पत्रच टाकलं नाहीत. छाती भरत होती आणि तुम्ही मला वाचवत बसलात.

कोणी सांगितलं होतं? इतकी वर्षं माझ्या वरणात मीठ जास्त झालं तरी तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही, आणि एवढी गोष्ट गिळून टाकलीत? तुमच्या उपकाराखाली मी वाकून गेले आहे, आणि त्याच वेळी तुम्हाला धरून गदागदा हलवावंसं वाटतंय. हे दोन्ही एकदम कसं करायचं असतं, तेवढं लिहून ठेवायला हवं होतं.

फाइलमध्ये आणखी दोन अहवाल होते, ठाकूरद्वारच्या एका कामाचा आणि दादरच्या एका. तेही धारपचेच. तेही पावसाळ्यातलेच. आणि दोन्हींत पेन्सिलची रेघ त्याच वाक्याखाली. दार उघडे ठेवल्यास पंखादेखील लागत नाही. माझं वाक्य. शब्दही बदलला नव्हता, फक्त नाव काढून टाकलं होतं.

तिथे माझं रडू थांबलं, वन्सं. त्या जागी जे आलं त्याला मी सूड म्हणते. तुम्ही दुसरा शब्द शोधला असतात.

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत नलिनीताई भेटल्या. सत्तरीच्या, पाठीला बाक, पण आवाज खणखणीत. तळमजल्यावर राहतात. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"समुद्राचा वारा? अहो, आमच्या चौकात उन्हाळ्यात पान हलत नाही. आणि ते मशीन आलं तेव्हा वाडीत गुडघाभर पाणी. आम्ही सगळ्या दारं लावून माळ्यावर बसलो होतो. कोण ही बाई जी दार उघडं ठेवून बसली होती?"

"मी," मी म्हटलं. "ती बाई मी आहे. करी रोडची."

सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मला वाटलं, हाकलून देतील. त्या उठल्या, पाणी दिलं, म्हणाल्या, "सुनावणी कधी आहे? मी येते. टॅक्सीचं मी बघते, तुम्ही फक्त वार सांगा." दादरलाही जाऊन आले. तिथल्या बायकांनी सहीचं पत्र दिलं. तुमचं दहावं, बारावं, तेरावं झालं, तेव्हा मी पिंडाला हात जोडून काय मागितलं ते तुम्हाला ऐकू गेलंच असेल.

सुनावणी लालबागच्या एका कार्यालयात होती, जिथे लग्नं लागतात. अधिकारी बाई होत्या, शांत, फारसं न बोलणाऱ्या. धारपने पडद्यावर चित्रं दाखवली. हवा समाधानकारक. आणि मग, वन्सं, ऐका, तो म्हणाला, "उलट या परिसरातल्या पावसाचं आम्लपण कमी झालेलं आढळलं आहे. ही सुधारणाच म्हणायची." मी जे टाळ्या वाजवून म्हटलं होतं तेच. तेव्हा मला कळलं की मी त्या दिवशी तुम्हाला काय ऐकवलं होतं.

मी उभी राहिले. "अहवालात ज्या श्रीमती शुभांगी आहेत ना, त्या मी." धारपचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. आधी ओळखीचं हसला. ताई, चहा, वगैरे. मी म्हटलं, "मी बोलले ते खरं आहे. जुलैतलं आहे. याने मला जानेवारीत विचारलंच नाही." आणि तुमची वही अधिकारीबाईंपुढे ठेवली. जुलैचा तुकडा आणि जानेवारीचा तुकडा, समोरासमोरच्या पानांवर. त्यांनी जानेवारीच्या कापडावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या. मग मी पट्ट्यांची पानं उघडली. पिवळी वर्षं, मग हिरवं, मग निळं. म्हटलं, "पाऊस सुधारला नाही. त्यात सिमेंट आहे. हे माझ्या नणंदेने लिहून ठेवलंय. ती आता नाही, याच हवेने गेली. तिला उत्तर द्यायला मला उशीर झाला, तुम्ही करू नका."

मग नलिनीताई उठल्या आणि दोन्ही अहवालांतली पानं वाचून दाखवली. सभागृहात आधी कुजबुज, मग हसू. अधिकारीबाई हसल्या नाहीत. धारपला म्हणाल्या, "या बाई नेमक्या राहतात तरी कुठे? करी रोडला, ठाकूरद्वारला की दादरला?"

"मॅडम, टायपिंगची चूक..."

"तीन ठिकाणी?"

तो खाली बसला.

मुदतवाढ मिळाली नाही. भर हिवाळ्यात, रहिवाशांसमोर पुन्हा मोजणी होईपर्यंत प्लांट बंद. बिल्डरने धारपला कामावरून काढलं. ठाकूरद्वार आणि दादरचे अहवालही परत तपासायला गेले. तिथे मी थांबायला हवं होतं, असं तुमचा भाऊ म्हणतो. मी थांबले नाही. त्याने पावसाळ्यात आणखी कुठे कुठे मोजलं ते शोधत बसले, अर्ज केले. खाडा न करता एकेका ठिकाणी जाऊन वही उघडून दाखवते आहे. लोक विचारतात, तुम्ही कोण? मी म्हणते, पंखा न लागणारी बाई.

परवा दुपारी तो घरी आला. निळा शर्ट नव्हता. चुरगळलेला, दाढी वाढलेली. दारातूनच बोलायला लागला. सगळी कामं गेली. बिल्डर-पार्टीला घाई असते, ते सांगतात या महिन्यात मोजा, आपण मोजतो. हिवाळ्यापर्यंत कोण थांबतो? "ताई, एवढं लिहून द्या की माझ्याकडून अनवधानाने झालं. माझी मुलगी बारावीला आहे." बोलता बोलता त्याची नजर तुमच्या फोटोकडे गेली. हात जोडून तो आत यायला लागला.

मी उंबऱ्यावर आडवी उभी राहिले.

"तिला नमस्कार करायचा नाही."

"ताई, मी मनापासून..."

"मनापासून करताय ते दिसतंय मला. तरी नाही. तुमची मुलगी आहे, तिचं मला वाईट वाटतं. तिला सांगा, बाबांना एका बाईने क्षमा केली नाही. कारण विचारलं तर तेही सांगा."

तो जिना उतरून गेला. पायऱ्यांवर एकदा थांबला, मला वाटलं परत येतो, पण दम घ्यायला थांबला होता.

तुमचा भाऊ आतून म्हणाला, "जावंदे गो आता. अक्कान माफ केला असता त्याका."

माफ केलं असतं तुम्ही, मला माहीत आहे. त्याला पाणी दिलं असतं, खाटेवर बसवून वारा कुठून येतो ते समजावलं असतं, आणि पुढच्या वेळी जानेवारीत मोज म्हणून पाठवलं असतं. मी तशी नाही. मी दार लावलं, फोडणीला टाकलेल्या मिरच्या करपल्या होत्या त्या काढून टाकल्या आणि जेवायला बसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले, वन्सं. दोनदा भात घेतला. हे तुम्हाला आवडणार नाही, पण मला फार बरं वाटलं.